काळ अनिश्चित

कराडात, सोमवार पेठेतनं घाटाकडं उतरताना
डाव्या हाताला श्रीविलास.
एकशे ऐंशी खुर्च्या, त्यातल्या बारा मोडक्या,
आणि पुरापासनं, रंगमंचाच्या मधोमध
एक खड्डा.

पाण्यानं फळ्या उचलल्या तेव्हा
इलाही बागवान चिखल उपसायला खाली उतरला
आणि वर येऊन म्हणाला, "मालक, खाली आड हाय."
आड म्हणजे भाजक्या मातीची कडी,
दोन हजार वर्षं एकमेकींच्या खांद्यावर बसलेली.
मग पुण्याहून माणसं आली, दोऱ्या ताणल्या,
ब्रशनं झाडू लागली ती जागा
जिला आम्ही नुसतं "खाली" म्हणायचो.

आता शुक्रवारपर्यंत खणणं,
शनिवारी रात्री नाटक.
खड्ड्यावर लोखंडी पट्ट्या, वर फळ्या,
आणि हातभर जागा काचेची.
तिच्यावर पाय द्यायला नट कचरतात,
राजा असो नाहीतर पोस्टमन.

सुकन्या भिसे, वय असेल सव्वीस, गुडघ्यांना माती,
बॅटरीच्या उजेडात मला थर समजावते.
हा वरचा: विड्यांची थोटकं, सोड्याच्या बाटलीतली गोटी,
तिकिटांचा लगदा, टिकल्या, एक नकली मिशी.
(मिशी तिनं कापसात ठेवलीय.)
खाली राख, बोटभर.
तिच्याखाली नदीची वाळू, म्हणजे तेव्हाही पूर.
त्याखाली काळी-तांबडी खापरं
आणि शिशाचं एक नाणं, पुसट,
त्यावर हत्तीसारखं काहीतरी.
"काका, घसराल. इकडून या."
मी बोललो नाही
की ही जागा मला अंधारात पाठ आहे.

आबा इथं पडदा ओढायचे. एकवीस वर्षं.
तळहातावर दोराचा वळ,
जेवतानाही मूठ अर्धी मिटलेली.
मी नऊ वर्षांचा, विंगेत पोत्यावर पेंगत होतो,
आणि दुसऱ्या अंकात वत्सलाबाई काळसेकरांची माळ तुटली.
मणी फळ्यांवर उडाले, फटींतनं गेले.
बाई थांबल्या नाहीत.
पायाखाली मणी घरंगळतायत आणि त्या आपल्या
सासऱ्याला खडे बोल सुनावतायत.
लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळी पडली.
पडदा पडल्यावर आबांनी कंदील देऊन मला खाली सोडलं.
"चोपन्न होते. मोजून आण."

खाली घुशींचा वास. डोक्यावर पावलं.
कुणीतरी चहा मागत होतं, कुणाचातरी सदरा सापडत नव्हता.
आणि हाताला लागलं ते गार, वळणदार,
रांजणाच्या काठासारखं.
काठावरनं हात आत घातला, खांद्यापर्यंत.
तळ लागला नाही.

एक्केचाळीस घेऊन वर आलो.
म्हटलं, आबा, खाली कायतरी हाय.
"असंल," आबा म्हणाले. "आपलं काम वर."

काचेच्या कपाटात, मिशीशेजारी, सात मणी.
निळे. एकाला टवका.
बारीक अक्षरात लिहिलंय:
काचमणी, सात. काळ अनिश्चित.

मला काळ माहीत होता.
पौषातला गुरुवार, रात्रीचे पावणेबारा.
सांगितलं तिला. ती हसली नाही.
वही काढली, विचारलं, "नाटक कुठलं, काका?"

आणि तेच आठवेना.
बाईंचा आवाज आठवतो, शालूला लागलेला रंग,
दोर धरून एका पायावर उभे असलेले आबा.
नाव तेवढं नदीला गेलेलं.

मागच्या दारातनं संगम दिसतो.
कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात,
दोन विंगांतनं आल्यासारख्या,
आता काहीतरी बोलतील असं वाटतं,
आणि दोघी पूर्वेला वळतात.

इलाहीनं बटण दाबलं.
पडदा आता मोटरवर सरकतो, अर्ध्यात अडकतो,
मग तो काठीनं ढोसतो.
पोरं तालमीला आली, चपला काढून,
काच चुकवून उभी राहिली.

"मग अनिश्चितच राहू दे," सुकन्या म्हणाली,
टोपण लावत.

मी चप्पल घातली. दारापर्यंत गेलो.
"अजून सहा आहेत," म्हटलं.
"उजव्या विंगेकडं बघा.
जमीन तिकडं उतरती आहे."